कामापुरतं हत्यार

सावलीच्या शेतावर माझ्या मामांकडे .32 बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर होतं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातलं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. नळीच्या तोंडावरचा आणि चाकाच्या कडांवरचा निळा-काळा मुलामा पार उडालेला, तिथलं पोलाद उघडं पडून चमकणारं. मुठीवरच्या काळ्या पट्टीचा खालचा कोपरा फुटलेला. नवख्याने पाहिलं तर जुन्या बाजारातली वस्तू म्हणेल. मामांच्या लेखी ती शेतावरच्या कामाच्या वस्तूंपैकी एक होती. बॅटरी, कोयता, पान्यांची पेटी आणि हे.

आपल्याकडे हातातल्या शस्त्राकडे असं कुणी पाहत नाही. पिस्तूल म्हटलं की पुढाऱ्याच्या कमरेचा उंचवटा आठवतो, लग्नाच्या वरातीतला बार आठवतो, किंवा वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी. कोयत्यासारखं कामाला ठेवलेलं, झिजलेलं, पण वेळेला दगा न देणारं रिव्हॉल्वर ही गोष्ट मराठी माणसाच्या अनुभवात फारशी नाही. माझ्या आजोळी ती दोन पिढ्या होती. ती तिथे का आली, कशी टिकली आणि शेवटी घराबाहेर का गेली, हे मला सविस्तर सांगायचं आहे. परवाना काढून घरात शस्त्र ठेवावं असं मनात असलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्या शस्त्राला काम काय, याचा विचारच केलेला नाही.

*

सावली बडोद्याच्या उत्तरेला, तीसेक किलोमीटरवर. आज हा भाग मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो. दिल्ली मेट्रोचे डबे इथल्या कारखान्यात बनले. आधी तो बॉम्बार्डियरचा होता, 2021 पासून अल्स्टॉमचा. पण तालुक्याच्या कडेने मही वाहते, आणि महीचा काठ म्हणजे घळीच घळी. पावसाच्या पाण्याने माती कापत कापत दोन-दोन पुरुष खोल वाटा पाडल्या आहेत. दिवसा त्या नुसत्या ओसाड दिसतात. रात्री शेताच्या बांधावर उभं राहिलं की पुढे जमीन संपते आणि काळोख सुरू होतो. या घळींत लपलेल्याला शोधणं मोगलांना जमलं नाही, मराठ्यांना जमलं नाही आणि इंग्रजांनाही सोपं गेलं नाही.

गायकवाडीच्या इतिहासात सावलीचं नाव एका खुनाने आलं. 1732 साली मराठा सरदार पिलाजीराव गायकवाड डाकोरला होते. जोधपूरचे अभयसिंह तेव्हा मोगलांचे गुजरातचे सुभेदार. त्यांच्या माणसांनी बोलणी लावली. त्यांतला एक जण कानात काही सांगायचं आहे अशा मिषाने जवळ गेला आणि त्याने कट्यार चालवली. मारेकरी जागीच कापला गेला. पिलाजीरावांचा देह मही ओलांडून सावलीला आणला आणि तिथे त्यांना अग्नी दिला. भोवती फौज असलेला सरदार हाताच्या अंतरावरच्या छोट्या शस्त्राने गेला. मुठीत मावणाऱ्या शस्त्राचा पल्ला तेवढाच असतो, आणि त्याचं सगळं भय त्या पल्ल्यात असतं. मामा ही हकीकत सांगायचे ती पराक्रमाची म्हणून नाही. माणसाला इतकं जवळ येऊ देऊ नये, असं ते म्हणायचे.

आमचे आजोबा सावलीच्या वहिवाटदार कचेरीत नोकरीला होते. वसुलाच्या कामाने गावोगाव फिरणं असायचं. नोकरीत असतानाच त्यांनी गावापासून लांब, घळींच्या बाजूला जमीन घेतली आणि त्याच सुमारास हे रिव्हॉल्वर. परवाना संस्थानचा. 1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळा झाला. शस्त्र एकाच पेटीत राहिलं आणि त्याच्या कागदावर तीन सरकारं येऊन गेली. आजोबांच्या पाठीमागे ते मामांच्या नावावर झालं.

*

मामांना ते साफ करताना मी लहानपणापासून पाहत आलो. पावसाळ्यात दर रविवारी, एरवी महिन्यातून एकदा. ओसरीवर जुनं धोतर अंथरायचं. घरातली मुलं असतील तर त्यांना समोर बसवायचं, मागे किंवा बाजूला नाही. मग काडतुसं काढून मोजून पितळेच्या डबीत टाकायची आणि डबी मामींच्या हातात द्यायची. मामी ती घेऊन आत स्वयंपाकघरात जायच्या. काडतुसं घराच्या दुसऱ्या टोकाला गेल्याशिवाय मामा पुढचं काम सुरू करत नसत. हे मला तेव्हा उगाच सोपस्कार वाटायचं. पुढे शस्त्रांच्या अपघातांच्या बातम्या वाचताना लक्षात आलं, की रिकामं आहे असं समजून हाताळलेल्या शस्त्रानेच माणसं मरतात.

हे रिव्हॉल्वर मधून मोडणारं. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, चाकाची मागची बाजू उघडी पडते आणि मधली चांदणी वर उचलली जाऊन सहाही घरांतली टरफलं एकदम बाहेर पडतात. मामा ते उजेडाकडे धरून प्रत्येक घरातून आरपार बघायचे. मग लोखंडी गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायची, चिंधी काळी निघेनाशी होईपर्यंत. शेवटी शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही बोटाला लागेल एवढंच. तेल जास्त झालं की धूळ धरते, आणि महीकाठची माती पिठासारखी बारीक. पुसून झालं की घोडा हळूच मागे ओढून चाक आपल्या जागी घट्ट बसतं की हलतं ते चाचपायचं. चाक केसभर जरी चुकलं तरी गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिसं खरवडलं जातं आणि ते कपच्यांच्या रूपाने बाहेर उडतं. मुलामा उडणं ही वरवरची झीज. खरी झीज इथे, चाकाच्या आणि बिजागरीच्या ढिलाईत. मुलाम्याकडे मामांनी कधी लक्ष दिलं नाही. बिजागरीत थोडी खुळखुळ आली तेव्हा मात्र ते परवानाधारक कारागिराकडे घेऊन गेले आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकानात ठेवून आले.

चामड्याचं म्यान घरात होतं, पण ते फक्त शेतावर जाताना. घरी रिव्हॉल्वर तेल लावलेल्या सुती फडक्यात. चामड्यात ओल धरते आणि चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पोलादाला गंज चढतो. खंडेनवमीला देवापुढे शस्त्रं आणि अवजारं मांडतात. बडोद्याच्या मराठी घरांत ही रीत अजून आहे. मामांकडे कोयता, करवत, मामींचं शिलाई मशीन, मोटरसायकलची किल्ली आणि रिव्हॉल्वर एका ओळीत असायचं. बाकी सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. रिव्हॉल्वर फडक्यातच गुंडाळलेलं आणि झेंडूचं फूल फडक्यावर. कुंकवाची ओल धातूला नको.

भरवशाचं म्हणायचं ते का, हेही सांगायला हवं. रिव्हॉल्वरमध्ये भाग थोडे. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. मॅगझिनच्या पिस्तुलात फुसकं काडतूस हाताने काढावं लागतं. ज्याला रोजचा सराव नाही, अशा शेतकऱ्याच्या हाती म्हणून रिव्हॉल्वरच बरं. दगा देतं ते बहुधा शस्त्र नव्हे, काडतूस. दमट हवेत दारू आणि टोपी खराब होते. मामांची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असायची, बुडावर त्या कारखान्याची खूण. हा कारखाना 1869 पासूनचा. जुनी काडतुसं मामा रेंजवर झाडून संपवायचे आणि दुकानातून नवी आणायचे. चाकात सहा घरं, भरलेली पाच. घोड्याखालचं घर कायम रिकामं. शस्त्र हातून पडलं आणि घोड्याला मार बसला तरी बार उडू नये, एवढ्यासाठी.

*

त्याचं काम काय होतं? एक, पैशांची ने-आण. कापूस आणि तंबाखूचे पैसे तेव्हा व्यापाऱ्याकडून रोखीने मिळायचे आणि घरी परतेपर्यंत अंधार पडायचा. दोन, विहिरीवरची मोटर. शेतीची वीज रात्री-अपरात्री यायची, दोन वाजता उठून पाणी फिरवायला जावं लागायचं, आणि तांब्यासाठी केबल कापून नेणाऱ्या टोळ्या असायच्या. तीन, ज्याची भीती सगळ्यात खरी होती ते, पिसाळलेलं जनावर.

मामांनी शेतावर ते झाडलं असा एकच प्रसंग मला खात्रीने माहीत आहे. राखणदाराच्या झोपडीपाशी पिसाळलेला कुत्रा आला होता. एका वासराला चावून तो अंगणात फिरत होता आणि आत बाजेवर लहान मूल निजलेलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे तेव्हाही गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मामा पंधरा पावलांवर होते. त्यांनी आधी झोपडी आपल्या आणि कुत्र्याच्या रेषेत येत नाही हे पाहिलं, चार पावलं बाजूला सरले, कुत्र्यामागे बांधाची माती आली तेव्हा बार टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन त्यांनी लिहून दिलं आणि टरफल दाखवलं. त्या राखणदाराने मला पुढे सांगितलं, "सायेबांनी बंदूक काढली ती मला दिसलीच नाही. मला दिसलं ते ते बाजूला सरकले ते."

ती चार पावलं मला शस्त्रापेक्षा मोलाची वाटतात.

या एका प्रसंगासाठी इतकी वर्षं सांभाळायचं का, असं मी त्यांना विचारलं होतं. मामा म्हणाले, "अरे, बाकीच्या रात्री ते कमरेला होतं म्हणून मी निवांत गेलो, हे तू धरतच नाहीस." पण ते पुढे हेही म्हणाले, की बॅटरीने जेवढं काम केलं त्याचा दहावा हिस्साही रिव्हॉल्वरने केलं नाही. उजेड पडला की चोर पळतो, साप दिसतो, खड्डा दिसतो. बॅटरी नसती तर रिव्हॉल्वर असून त्यांनी शेतावर जायचं टाळलं असतं.

सावलीच्या शेतकऱ्याला आज विचारा, त्याला छळतं कोण? नीलगाय, जिला तिथे रोझ म्हणतात, आणि रानडुक्कर. एका रात्रीत तूर आडवी होते. आणि इथे मामांचं रिव्हॉल्वर पूर्ण निरुपयोगी. त्याची गोळी जेमतेम सव्वासहा ग्रॅमची, आणि नीलगाईचा नर दोनशे किलोंच्या वर भरतो. त्या गोळीने जनावर मरणार नाही, जखमी होऊन घळीत जाऊन कुजेल. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे परवानगीवाचून ते मारता येत नाही. मामा शेजाऱ्यांना सरळ सांगायचे, "हे रोझासाठी नाही. तारेचं कुंपण घाला." कुंपणाला सरकारी अनुदान आहे, आणि सावलीच्या बाजूला आता शेतांना तारा दिसतात त्या त्यामुळे.

*

आपल्या कायद्याने शेतीच्या कामाची बंदूक आणि मुठीतलं शस्त्र यांत जो फरक केला आहे तो फार थोड्यांना माहीत असतो. शस्त्र अधिनियम 1959 चं तेरावं कलम पाहा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी आणि खेळासाठी किमान वीस इंच लांबीच्या, गुळगुळीत नळीची बंदूक कुणी मागितली आणि त्याच्याविरुद्ध काही नसलं, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असं कलम म्हणतं. रिव्हॉल्वर-पिस्तुलाच्या बाबतीत तसं नाही. तिथे अर्जदाराला सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं. .38 आणि .455 या लष्करी बोअरच्या रिव्हॉल्वरांवर सामान्य माणसाला बंदी, म्हणून बहुधा .32 चाच मार्ग धरला जातो. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .32 रिव्हॉल्वरही जुन्या वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं. 2014 साली 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्वर निघालं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. एखाद्या छोट्या शेतकऱ्याचं ते वर्षाचं उत्पन्न. परदेशी शस्त्रांची आयात सामान्यांसाठी 1980 च्या दशकात बंद झाली, त्यामुळे मामांच्या रिव्हॉल्वरसारख्या झिजलेल्या वस्तूलाही भाव आला. त्यांच्याकडे विचारणा व्हायची. विचारणारे शेतकरी नसत, बांधकामवाले असत.

कायद्यातला हा फरक मला पटतो. लांब नळीची बंदूक लपवता येत नाही. ती खांद्यावर असली की गावाला दिसते, घरात असली की पाहुण्याला दिसते, आणि तिचं काम रानात आहे हे तिच्याकडे बघूनच कळतं. रिव्हॉल्वर लपतं. लपणाऱ्या शस्त्राला कायद्याने जास्त प्रश्न विचारावेत हे योग्यच आहे.

पण जिथे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे तिथे व्यवहार त्याच्या विरुद्ध जातो, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. कोकणात जाऊन पाहा. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, खाली गोव्यात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या आणि काडतुसाच्या बंदुका घरोघरच्या आडोशाला उभ्या आहेत. दारू मोजून घालायची, वर कापसाचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, ठासणीने ठासायचं, टोपी चढवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ही बंदूक म्हणजे शुद्ध शेतीचं अवजार. आजोबांची नळी, बापाने बदललेला दस्ता, नातवाच्या नावचा परवाना. डुकरांचा कळप भाताच्या खाचरात उतरला की एक आवाजच पुरतो.

ही बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान 2014 साली 15 ऑक्टोबरला झालं, 2019 साली 21 ऑक्टोबरला, 2024 साली 20 नोव्हेंबरला. आचारसंहिता त्याच्या महिनाभर आधी लागते. कोकणात भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं होतं ते नेमकं याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यासाठी बंदूक, त्याच महिन्यात ती ठाण्याच्या कपाटात. कोणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचं हे छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवावं, अशी व्यवस्था आहे. सरसकट जमा करा असं कायदा सांगत नाही. तरी शेतकऱ्याला निरोप येतो तो सरसकटच. आणि तो भिऊन बंदूक खांद्यावर टाकून एसटीने तालुक्याला जातो.

महाराष्ट्र सरकारने 2015 साली रानडुक्कर आणि नीलगाईसाठी परवानगीची पद्धत सोपी केली. वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. कागदावर हे चांगलं आहे. पण बंदूकच ठाण्यात असेल तर परवानगी घेऊन शेतकऱ्याने काय करायचं? पीक कापणीच्या काळात शेतीसंरक्षण परवान्यांची छाननी सर्वांत आधी करून, निर्मळ माणसाची बंदूक त्याच्याकडे राहू द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत एक बैठक वेळेवर घेतली तरी भागतं.

*

शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे हक्क आहे की सवलत, हा वाद जुना आहे आणि त्याचा एक धागा महीच्या पलीकडच्या तीरावर सापडतो. 1857 नंतर इंग्रजांनी गुजरातेत गावोगाव हत्यारं गोळा केली. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला, त्यातून युरोपियनांना सूट होती. 1918 साली गांधीजी नडियादला राहून खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करत होते. अहिंसेच्या माणसाने भरती करावी हे लोकांना पचलं नाही, पण त्यांच्या पत्रकात त्यांनी एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचं सर्वांत काळं कृत्य ठरवलं होतं. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. आला तो निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी तुलना करून सांगितलं, की आपल्या घटनेत असा हक्क नाही.

अमेरिकेत शेतावरच्या गाडीत पडून असलेलं जुनं रिव्हॉल्वर ही अगदी सामान्य गोष्ट. त्याबद्दल तिथले लोक मायेने लिहितात, आणि मामांच्या धोतरावर पसरलेलं सामान आठवून मला ती माया समजतेही. पण तिथल्या संशोधनाने हेही वारंवार दाखवलं आहे, की घरात बंदूक असेल तर त्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो. कारण निराशेचा कडेलोट बहुधा थोड्या वेळापुरता असतो, आणि त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. आपल्याकडे 2017 साली नागरिकांकडे सात कोटींवर शस्त्रं असावीत, आणि त्यांतली नोंदलेली एक कोटीहूनही कमी, असा जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा अंदाज होता. हा अंदाज थोडाफार इकडेतिकडे असला तरी चित्र बदलत नाही. मामांसारखे मोजून-मापून ठेवणारे थोडे, बाकी सगळं अंधारात.

*

मामांचं शेत हळूहळू आक्रसलं. काही जमीन रस्त्यात गेली, काही त्यांनी विकली. पैसे आता बँकेत येतात, विहिरीवरची मोटर मोबाइलवरून सुरू होते, घळींच्या तोंडापर्यंत दिव्यांचे खांब आले. मुलगा मंजुसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बडोद्यात सहाव्या मजल्यावर फ्लॅट, दोन लहान मुलं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर ते तो हयातीतच वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. मामा दोन्ही अटींत बसत होते. नातेवाइकांचा आग्रह होता. आजोबांची आठवण आहे, घरात राहू दे, विकायला काढलंत तर नाव जाईल, असं पुष्कळ बोलणं झालं.

मामांनी मुलाला एकच प्रश्न विचारला. "तुला त्याचं काय काम आहे?"

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "बाबा, काहीच नाही. कपाटाला कुलूप घालून मी रोज मुलांकडे बघत बसेन."

विषय तिथेच संपला. परवानाधारक विक्रेत्यामार्फत ते रीतसर गेलं. परवाना रद्द झाल्याचा कागद मामांनी सातबाराच्या फाइलमध्ये लावून ठेवला. मामी तेवढ्या हळहळल्या. काडतुसांची पितळी डबी त्यांनी मागून घेतली आणि तिच्यात आता वेलची असते.

मामांचा हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या काळजीपूर्वक देखभालीपेक्षा मोठा वाटतो. कोयत्याला काम नसलं तर तो गंजतो, कुणाचं काही बिघडत नाही. काम नसलेलं रिव्हॉल्वर घरात राहिलं तर ते स्वतःला काम शोधतं, भांडणात, दारूत, वरातीत, पोरांच्या खेळात. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड लावला, एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरवलं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची केली. सारं ठीक आहे. पण परवाना देताना कामाची जी चौकशी होते, ती नूतनीकरणाच्या वेळीही तितक्याच गंभीरपणे व्हायला हवी. दहा वर्षांपूर्वी ज्याला रोकड न्यावी लागायची तो आज नेतो का? ज्याची वस्ती रानात होती तिथे आज सोसायटी उभी आहे का? आणि कोकणातल्या ज्या शेतकऱ्याचं काम दरवर्षी वाढतंच आहे, त्याची बंदूक मात्र ऐन हंगामात काढून घेऊ नये. दोन्ही बाजूंना कसोटी एकच लावायला हवी.

शेवटी एक विनंती. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कोल्हापूर, जुन्या संस्थानी गावांतल्या कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या ट्रंकेत एखादं रिव्हॉल्वर किंवा बंदूक अजून पडून असेल. परवाना कुणाच्या नावावर होता, शेवटचं नूतनीकरण केव्हा झालं, हे कुणी पाहिलेलं नसेल. परवाना राष्ट्रीय नोंदणीत आला नसेल आणि त्याला ओळख क्रमांक मिळाला नसेल तर तो चालत नाही. 'ते मोडकंच आहे' हा बचावही टिकत नाही, कारण दुरुस्तीने चालू शकणारं शस्त्र कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच असतं, आणि विनापरवाना सापडलं तर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. ते साफ करायला जाऊ नका, चालतं का ते बघू नका. वकिलाशी बोला, जवळच्या ठाण्याला कळवून ते तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. कुणाला ते ठेवायचंच असेल तर त्याने वारस म्हणून रीतसर अर्ज करावा. दिवाळीची आवराआवर झाली असेल, तरी ती ट्रंक एकदा उघडा.